ग्लँडवरची लाल रेघ

"मिस्त्री, पाण्याखाली चलात अशी मोटार व्हयी माका. स्वस्तातली."

रुपाजी तांडेल दुकानाच्या पायरीवर उभा राहून हे म्हणाला, तेव्हा मी एका जळक्या मोटारीची तार उकलत बसलो होतो. मालवणच्या दक्षिणेला खाडीकाठी मी पंप आणि मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं होतं. जयसिंगपूर सोडून तिथे गेलो त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. मासे न खाणारा जैन माणूस कोळ्यांच्या गावात धंदा करतो याची गावाला मोठी मौज वाटायची.

"बोअर मारलीसा काय? किती खोल?"

"बारा वाव. बोअर नाय. मीच जातलंय."

बारा वाव म्हणजे सत्तर-बहात्तर फूट. मी हातातली पक्कड खाली ठेवली. रुपाजी चेष्टा करणाऱ्यातला नव्हता. पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा, एका कानाने बहिरा. तरुणपणी कालवांसाठी बुड्या मारता मारता कानाचा पडदा फाटलेला, म्हणून डॉक्टरने पाण्याखाली जायला कायमची बंदी केलेली.

"पाणी कानाक लागूक नको," तो म्हणाला. "म्हणान टाकी घेतलंय. बर्फाच्या कारखान्यातली, अमोनियाची. अर्धो इंच पत्रो. आत बसान जातलंय."

का जायचं ते त्याला विचारावं लागलं नाही. ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी वारा फिरला आणि त्याची होडी खाडीच्या तोंडाबाहेर बुडाली. होडीवर त्या दिवशी रुपाजी जायचा होता. कान ठणकत होता म्हणून त्याने धाकट्या भावाला, सदानंदला, धाडलं. खलाशी पोहत आले, सदानंद आला नाही. सरकारी पाणबुडे दोन दिवस शोधून परत गेले.

सदानंदची बायको चंद्रकला मात्र मानायला तयार नव्हती. कुंकू पुसलं नाही, दिवस घातले नाहीत. "कोणी बघितल्यानी तेंका मेलेलो?" एवढं एकच विचारायची. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या नाहीत, आणि ती आपणहून आली तर घाईघाईने बोट टेकवून पुढे सरकायच्या. रोज भरतीच्या वेळेला ती बंदरावर जाऊन उभी राहायची. हे सगळं रुपाजी रोज आपल्या ओसरीतून बघत होता.

"होडी खंय पडली ता माका म्हायत असा," तो म्हणाला. "माका फक्त बघूचा असा. आणि तिका कायतरी आणून दाखवूचा असा. मगे ती रडात तरी."

मी त्याला हसून वाटेला लावायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला मोह झाला. आठ वर्षं नारळाच्या बागांचे पंप दुरुस्त करून कंटाळलो होतो. पाणबुडीची मोटार कधी कुणी माझ्याकडे मागितली होती?

रुपाजीच्या मागच्या अंगणात टाकी आडवी पडलेली होती. गावाने तिचं नाव 'डबो' ठेवलं होतं. वर माणूस आत जाईल एवढं झाकण, पुढे जाड काच, पोटाखाली शिशाची वजनं. काम चोख होतं. अडलं होतं ते फक्त ढकलायचं कशाने, यावर.

पायडल लावून त्याने आधीच बघितलं होतं. दहा मिनिटांत धाप लागली, आणि जो दम लागायचा तो डब्यातलीच हवा खायचा. मग जीपचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी छोटी मोटार, आणला होता.

"सेल्फ पाच सेकंदांसाठी असतो, तांडेल. तिसऱ्या मिनिटाला त्याच्यावर चहा ठेवा."

"मगे बोअरची मोटार? ती तर पाण्यातच ऱ्हवता."

"तिला तीन फेजची लाइन लागती. समुद्रात तीन फेज सोडलासा तर मासे शिजूनच वर येतील. आमच्यासारख्याचं धर्मसंकट."

तो पहिल्यांदाच हसला. शेवटी मी इचलकरंजीच्या भंगारबाजारातून एका बंद सूतगिरणीतल्या बॅटरीगाडीची मोटार आणली. माल वाहायची गाडी, त्यामुळे मोटार सावकाश पण दमदार. ट्रकच्या चार बॅटऱ्यांवर तासभर चालायची, आवाज मांजराच्या घुरघुरीएवढा. एवढ्या कमी पैशांत याहून चांगलं काही मिळणार नव्हतं, आणि मी तसं दोन-चार जणांना ऐकवलंही.

मोटार डब्याच्या आत, पंखा बाहेर. मधला दांडा जायला पत्र्याला भोक पाडावं लागणार, आणि तिथेच प्रणिताने तोंड उघडलं.

प्रणिता रुपाजीची मुलगी. आई लहानपणीच गेलेली, चंद्रकलेनेच वाढवलेली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बापाच्या वेडाचा सगळा हिशेब तिच्या वहीत असायचा, हवा किती मिनिटं पुरेल इथपासून. त्या दिवशी तिने बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या स्पीकरमधून काढलेले दोन गोल चुंबक आणले, मध्ये काच धरली आणि एक फिरवला. काचेपलीकडचा दुसरा आपोआप फिरला.

"मिस्त्रीकाका, भोकच पाडूक नको. मोटारीक एक चुंबक, पंख्याक एक. मधे पत्रो तांब्याचो घालूया. पाणी येवचाच नाय."

"जत्रेतली गंमत आहे ही पोरी. जोर आला की घसरतंय हे."

"घसारला तर डबो थांबतलो. दोरी बांधलली असा, वर ओढूक येता. भोक गळला तर?"

मी पंपवाल्याचं हसू हसलो. "गळायलाच पायजे."

इथे मला थोडं सांगावं लागेल. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे ग्रीसमध्ये भिजवलेली चौकोनी दोरी गुंडाळतात आणि नटाने दाबतात. तिला आम्ही ग्लँड म्हणतो. माझ्या वडिलांनी कृष्णाकाठच्या पंपांवर चाळीस वर्षं काढली. त्यांचे दोन नियम होते. पहिला, ग्लँड थेंब थेंब गळली पाहिजे. कच्च आवळली तर दोरी तापते, जळते, दांडा खाते. पाण्याचा थेंब हेच तिचं औषध. नवशिके गळती बघून नट आवळतात, जाणता माणूस थेंब मोजून सोडून देतो.

दुसरा नियम असा, की ग्लँड लावून झाली की नटावरून खालच्या बॉडीपर्यंत लाल ऑइलपेंटची एक रेघ ओढायची. गिऱ्हाइकाने मागाहून नट फिरवला तर रेघ तुटते. "रेघ जुळती आहे तवर जबाबदारी आपली," वडील म्हणायचे. "रेघ तुटली की त्याची."

प्रणिताला मी हे सगळं ऐकवलं. तिला पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती बापाकडे वळली. रुपाजीने क्षणभर चुंबकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मिस्त्री चाळीस वर्सांचो धंदो सांगतत, बाय," तो म्हणाला. "चुंबक तुझे कालचे."

तिने चुंबक ओढून वेगळे केले, ओढणीत गुंडाळले आणि आत गेली. मला बरं वाटलं. वयाने निम्म्या पोरीला गप्प केल्याचं बरं वाटावं, इतका मी शहाणा होतो.

पहिली चाचणी आम्ही चिऱ्याच्या एका जुन्या खाणीत घेतली. पावसाचं साठलेलं गोडं पाणी, खोली आठ-नऊ फूट. रुपाजी अर्धा तास आत राहिला. डबा पुढे गेला, मागे आला, वळला. झाकण उघडलं तर घामाघूम होऊन हसत होता. मी टॉर्च घेऊन आत वाकलो. मिनिटाला वीस थेंब, घड्याळ लावून मोजले. अर्ध्या तासात तळाशी जेमतेम पाव वाटी पाणी जमलं होतं, ते त्याने स्पंजाने टिपलं. मी ब्रश काढला, नटावरून बॉडीवर लाल रेघ ओढली आणि वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घालत बसलो.

फेब्रुवारीत समुद्र पडला, म्हणजे लाटा शांत झाल्या. एका सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही दोन होड्यांमध्ये डबा बांधून खाडीच्या तोंडाबाहेर नेला. चंद्रकला किनाऱ्यावर होती. तिने समुद्राला नारळ दिला. रुपाजी होडी लोटायला वाकला तर म्हणाली, "भावजी, ते भेटले तर सांगा, मी घराकच असंय." त्याने तिच्याकडे न बघता होडी पाण्यात लोटली. मलाही कुठे बघावं ते कळेना.

डब्याच्या पुढे त्याने लोखंडी आकडा जोडला होता. मागच्या कड्याला दोरी, दोरी आमच्या होडीवरच्या रहाटाला. आत बसून मोटार क्षणभर पुढे दाबली की डबा दोरीला झटका द्यायचा. एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे थांबा, मला राहू द्या. तीन म्हणजे ओढा. प्रणिता वही घेऊन एकेक गोष्ट विचारत होती.

"हवा?"

"पाऊण तास."

"बत्ती?"

"पेटता."

"दोरी?"

"बांधलंय."

मग ती स्वतः झाकणातून अर्धी आत वाकली, टॉर्च मारली आणि बाहेर येऊन म्हणाली, "रेघ जुळता." माझ्याकडे न बघता म्हणाली. चोवीस नंबरचा पाना माझ्या पँटच्या खिशात होता. रुपाजी म्हणाला होता, बरोबर देतास काय, आणि मी म्हणालो होतो, नको, उगाच आवळायचा मोह होतो.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी डबा खाली गेला. पाचव्या मिनिटाला एक झटका. दहाव्याला एक. सतराव्या मिनिटाला दोन.

"गावला," प्रणिता म्हणाली. तिने वहीत वेळ लिहिली. "काका, तेका होडी गावली."

विसाव्या मिनिटाला पुन्हा दोन झटके. आम्ही दोरी सैल सोडली. पंचविसाव्याला काही नाही. आम्ही थांबलो. तिथेच आम्ही थांबलो. दोरी मधूनमधून हलत होती, आणि मी म्हणालो, करंट आहे. तिसाव्या मिनिटाला प्रणिता म्हणाली, ओढूया. मी म्हणालो, त्यानं थांबा म्हणून सांगितलंय, हवा अजून पंधरा मिनिटांची आहे. चौतिसाव्या मिनिटाला तिने मला बाजूला ढकलून रहाटाला हात घातला.

डबा शेपटाकडून जड आला. आकड्याला जाळ्याचा मोठा तुकडा लटकला होता आणि त्यात निळापांढरा फ्लोट. त्यावर पांढऱ्या रंगात एक वेडंवाकडं 'स' होतं. असे फ्लोट गावात फक्त चंद्रकला रंगवायची.

झाकण मी उघडलं. आधी वास आला. नळाला कधी जास्त पावडर टाकलेलं पाणी येतं, तसा, पण शंभरपट. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. रुपाजी काचेला कपाळ टेकून बसला होता. तोंडाला फेस, डोळे उघडे, आणि अंग अजून ऊन. आम्ही त्याला ओढून दुसऱ्या होडीत घेतलं. प्रणिता त्याच्या छातीवर दाब देत राहिली, आणि ती होडी किनाऱ्याकडे सुटली.

मी डब्यापाशी मागे राहिलो. "बॅटऱ्या बंद करतो," असं ओरडून सांगितलं. तोंडाला ओला पंचा बांधला आणि आत उतरलो.

शेपटाकडे गुडघाभर पाणी होतं. बॅटऱ्या त्यात बुडून बुडबुडे सोडत होत्या. तेव्हा मला एकदम सगळं समजलं. आठ फुटांवर जो थेंब असतो, तो बहात्तर फुटांवर थेंब राहत नाही. त्याची धार होते. कृष्णेचं पाणी बॅटरीवर पडलं तर बॅटरी नासते, समुद्राचं पडलं तर मिठातून विषारी क्लोरीन सुटतो आणि हवा नासते. पंपाच्या आतलं पाणी बाहेर गळतं आणि जमिनीत मुरतं. इथे बाहेरचा सगळा समुद्र आत गळत होता, आणि माणूस मध्ये बसलेला होता. माझ्या वडिलांचा नियम खरा होता. तो फक्त पंपाचा नियम होता.

आणि ती हलणारी दोरी करंट नव्हता. खोकणारा माणूस तीन झटके मोजून देऊ शकत नाही.

मी खिशातला पाना काढला. का काढला ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात आपोआप गेला, असं म्हणणं सोपं आहे. ग्लँडचा नट मी दीड आटा आवळला. धार थांबली. थेंबही थांबला. मग तारा सोडवल्या आणि वर आलो.

डबा वाळूवर ओढताना कलंडला, झाकणातून आणखी लाटा आत गेल्या, त्यामुळे आतलं पाणी कुणाला नवल वाटलं नाही. पोलीस दुपारी आले. वास तोवर वाऱ्याने नेला होता. आत वाकून बघणाऱ्याने भोकापाशी हात लावला, हात कोरडा निघाला. पंचनाम्यात लिहिलं, यंत्रात गळती आढळली नाही, हवा संपल्याने गुदमरून मृत्यू. पंच म्हणून यंत्रातला जाणकार माणूस हवा होता. गावात तसा एकच होता. मी सही केली.

रुपाजी मुद्दाम राहिला, असं गाव म्हणू लागलं. दोन झटके दोनदा दिले ना? भावाची होडी दिसली, त्याला परत यावंसं वाटलं नाही. चंद्रकलेने त्या फ्लोटवरचा 'स' बोटाने पुसून पुसून बघितला आणि मग पाच वर्षांचं एकदम रडली. तिने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. दोघा भावांचे दिवस एकत्र घातले. तेराव्या दिवशी मला हाक मारून म्हणाली, "मिस्त्री, तुमची मोटार नसती तर मी अशीच उभी ऱ्हवलंय असतंय. भावजी तेंका सोबत करूक गेले. देव तुमचा बरा करांदे."

मूग गिळून बसणं म्हणतात, ते मी त्या दिवशी केलं. वर्षभरात दुकान मोडलं आणि जयसिंगपूरला परत आलो.

दर मे महिन्यात माझ्याकडे एक पार्सल यायचं. चंद्रकलेकडून कोकमाची सोलं. मासळी चालत नाही म्हणून फक्त सोलं, स्वच्छ उन्हात वाळवलेली, वर तिच्या त्याच वेड्यावाकड्या अक्षरात माझं नाव. एकोणीस वर्षं मी ती सोलं घेतली. बायको त्यांची कढी करायची. मी जेवायला बसायचो आणि घास गिळायचो.

धंदा चालू होता, पण माझी ग्लँड आता गळत नाही. मी ती कच्च आवळतो. दोऱ्या जळतात, दांडे खराब होतात, गिऱ्हाइकं म्हातारा झाला म्हणून शिव्या घालतात. रेघ ओढायचीही मी सोडून दिली.

गेल्या जूनमध्ये दुकानासमोर रिक्षा थांबली आणि चाळिशीची एक बाई उतरली. डोळ्यांवरून ओळखलं. प्रणिता आता एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. बाकावर बसली, पिशवीतून सोलांची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"ही शेवटची. काकी वैशाखात गेली."

मी काही तरी पुटपुटलो. तिने पिशवीत पुन्हा हात घातला आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली एक जड वस्तू टेबलावर ठेवली. कागद तिनेच सोडला.

ग्लँड होती. नट, बॉडी आणि दांड्याचा करवतीने कापलेला तुकडा. सगळं गंजून काळं पडलेलं, पण ऑइलपेंट चांगला होता. बॉडीवर लाल रेघेचा अर्धा तुकडा होता, आणि नटावरचा अर्धा दुसऱ्याच बाजूला जाऊन थांबलेला.

"डबो भंगारात दिलो," ती म्हणाली. "ह्या मी कापून ठेवलंय."

बाहेर एक ट्रॅक्टर गेला. तिने नटावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"खाली जाताना रेघ जुळत होती. मीच बघितललंय. बाबाकडे पानो नव्हतो, तो तुमच्या खिशात होतो. दुसऱ्या दिवशी मी डब्यात उतारलंय, तर रेघ तुटलेली. मी कागदार मांडून बघितलंय, काका. खोली, दाब, थेंब, बॅटरी. तेच रात्री माका समाजला."

"तेव्हाच?" मी विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"काकीक काय सांगू? भावजी सोबतीक गेले म्हणान ती निजाक लागली होती. तिची झोप काढून घेऊ?"

"आणि नंतर? मला तरी..."

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमी सांगशात म्हणान वाट बघीत होतंय," ती म्हणाली. "चुंबकाचा मी आणखी एकदा बोलाक व्हया होता, ता माझा. ता मी बाबाच्या फोटोक रोज सांगतंय. नटाचा तुमचा. दर मे म्हयन्यात काकी पार्सल बांधी, आणि मी म्हणी, ह्या वर्सा उत्तर येतला."

चंद्रकला पाच वर्षं वाट बघत बंदरावर उभी होती. ही एकोणीस.

तिने चहा घेतला नाही. उठताना एवढंच म्हणाली, "पंचनाम्यार सही केलात तशी एकदा करा. कोणाक देऊ नकात. लिवन ठेवा."

म्हणून हे लिहिलं. ती वस्तू अजून टेबलावर आहे, आणि सोलांची पुडी मी सोडलेली नाही. पंचनाम्यात जे लिहिलं ते खोटं होतं. ग्लँड गळत होती. ती मी लावली होती, मिनिटाला वीस थेंबांवर. हवा संपली नव्हती. रुपाजी तांडेल मुद्दाम राहिला नाही, तो दोरी हलवत होता आणि ती माझ्या हातात होती. रेघ त्याने तोडली नाही.

भूपाल आदगोंडा मगदूम
पंप मिस्त्री, जयसिंगपूर